रंगीत चित्र आणि न दिसणारी भिंत

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही 'संगणक आणि वैद्यक' या विषयावर बोलत होतो. पडद्यावर मेंदूतल्या एका धमनीचे चित्र होते. धमनीला फाटा फुटतो त्या जागी वाटाण्याएवढा फुगा आलेला, आणि त्या फुग्यावर निळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग पसरलेले. एका रुग्णाच्या तपासणीवरून संगणकाने तयार केलेले ते प्रतिमान होते. "लाल दिसते आहे तिथे भिंतीवर ताण जास्त, म्हणजे धोका जास्त," असे आम्ही सांगितले. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "सर, हा लाल रंग मोजला कोणी?"

कोणीच मोजला नव्हता. तो गणिताने काढलेला होता. त्या वेळी आम्ही काहीतरी गोलमोल उत्तर दिले आणि पुढच्या चित्राकडे वळलो. पण प्रश्न मनातून गेला नाही. रक्तवाहिन्यांची संगणकीय प्रतिमाने बनवून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायला मदत करावी, या कल्पनेवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ काम झाले आहे, आणि त्यातले बरेचसे वाद त्या बाईंच्या प्रश्नाभोवतीच फिरतात. तेव्हा उत्तर उशिरा का होईना, नीट द्यावे म्हणून हा लेख.

आधी फुग्याविषयी. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या जागी, बहुधा फाट्यापाशी, कमकुवत होते आणि रक्ताच्या दाबाने बाहेर फुगते. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. जुन्या पुस्तकांत 'धमनीविस्फार' हा शब्द सापडेल. शंभर प्रौढांची तपासणी केली तर साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा सापडावा. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता जन्मभर लागत नाही. पण फुगा फुटला तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो, आणि मग जीव वाचणे व वाचल्यावर धडधाकट राहणे, दोन्ही अवघड होऊन बसते.

कल्पना करा, पन्नाशीच्या एका बाईंनी डोकेदुखीसाठी स्कॅन करून घेतला आणि त्यात सहा मिलिमीटरचा फुगा दिसला. डोकेदुखीशी त्याचा काही संबंध नाही. काय करायचे? कवटी उघडून फुग्याच्या मानेला धातूचा चिमटा लावता येतो. किंवा मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेऊन फुगा तारेच्या वेटोळ्यांनी भरून टाकता येतो. दोन्ही उपायांत थोडा पण खरा धोका आहे. पक्षाघात होऊ शकतो, क्वचित मृत्यूही. आणि काहीच केले नाही तर? जपानमधील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात ५,७२० रुग्णांचे ६,६९७ फुगे होते, आणि फुटण्याचे प्रमाण वर्षाला सरासरी ०.९५ टक्के निघाले. म्हणजे वर्षाला शंभरात एक. शंभरातल्या नव्व्याण्णवांवर विनाकारण शस्त्रक्रिया करायची नाही आणि त्या एकाला सोडायचेही नाही, अशी ही कोंडी आहे.

सध्या डॉक्टर ती काही ढोबळ खुणांवरून सोडवतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचलित गुणतक्त्यात सहा गोष्टी पाहतात: रुग्ण कोणत्या लोकसमूहातला, रक्तदाब आहे का, वय, फुग्याचा आकार, आधी दुसरा एखादा फुगा फुटला होता का, आणि फुगा कोणत्या धमनीवर आहे. (लोकसमूहांच्या रकान्यांत फिनलंड आहे, जपान आहे, उरलेला युरोप आणि उत्तर अमेरिका आहे. आपल्याकडच्या रुग्णाने कोणत्या रकान्यात बसायचे, हे तक्ता सांगत नाही.) दोन बाईंचे वय सारखे, रक्तदाब सारखा, फुगा सारख्याच मापाचा आणि त्याच जागी असेल तर तक्ता दोघींना सारखेच गुण देतो. प्रत्यक्षात एकीच्या फुग्यात रक्ताची धार सरळ आत घुसत असेल, दुसरीच्या फुग्यात रक्त मंद घोळत असेल. हा फरक संगणकाला दिसू शकतो, म्हणून त्याला विचारावे, अशी मूळ कल्पना. ती चांगलीच आहे. आमची टीका कल्पनेवर नाही. तिच्या नावाखाली जे सांगितले गेले त्यावर आहे.

असे प्रतिमान तयार कसे होते ते पाहू. स्कॅन म्हणजे राखाडी ठिपक्यांचा ढीग. त्यातले कोणते ठिपके रक्ताचे आणि कोणते बाहेरचे, हे आधी ठरवावे लागते. त्यातून धमनीच्या पोकळीचा आकार मिळतो. मग त्या पोकळीचे लाखो चिमुकले तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात रक्ताचा वेग व दाब किती असेल हे द्रवगतीच्या समीकरणांनी काढतात. ही समीकरणे नवी नाहीत. नाव्हिए आणि स्टोक्स यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडली. ती सोडवण्याची ताकद मात्र संगणकाने दिली. शेवटी आकडे रंगांत बदलतात आणि आमच्या पडद्यावर होते तसे चित्र तयार होते.

आता या साखळीत काय मोजलेले आहे आणि काय धरून चाललेले आहे? पोकळीचा आकार मोजलेला आहे, तोही ठिपक्याच्या मापाइतकाच अचूक. धमनीत दर सेकंदाला किती रक्त शिरते, हे त्याच रुग्णात बहुधा मोजलेले नसते. निरोगी माणसांच्या मोजमापातले सरासरी आकडे घेतात. रक्ताची विष्यंदिता, म्हणजे दाटपणा, स्थिर धरतात. रक्त खरे तर तसे वागत नाही. हळू वाहताना ते अधिक दाट होते. धमनीची भिंत पोलादी नळीसारखी ताठ धरतात, कारण ती किती लवचिक आहे हे माहीत नसते. यातले प्रत्येक गृहीतक समजण्यासारखे आहे. विज्ञानात असे करावेच लागते. पण चित्र पाहणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही. मोजलेल्या आणि मानलेल्या गोष्टी एकाच रंगात रंगून येतात.

आकारातली छोटी चूक किती महाग पडते, हे शाळेतल्या गणितानेही कळते. पॅरिसमधले वैद्य प्वाझेय यांनी १८४० च्या सुमारास काचेच्या अतिबारीक नळ्यांतून द्रव सोडून मोजमापे केली. रक्तदाब मोजायला पाऱ्याची नळी वापरणारे तेच हे प्वाझेय. त्यांना आढळले की दाब तोच ठेवला तर नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली की प्रवाह १.१ चा चौथा घात, म्हणजे १.४६ पट होतो. आता मेंदूतली धमनी तीन मिलिमीटर व्यासाची आणि स्कॅनचा ठिपका ०.४ मिलिमीटरचा समजा. कडेचा ठिपका रक्तात धरायचा की बाहेर, या एका निर्णयाने व्यास दहा टक्के सहज हलतो. प्रवाह तोच ठेवला तर वाहते रक्त भिंतीला ज्या जोराने पुढे ओढते ती ओढ (अभियंते तिला कर्तन प्रतिबल म्हणतात) त्रिज्येच्या तिसऱ्या घाताने घटते. दहा टक्क्यांच्या चुकीने ती २५ टक्क्यांनी चुकते. धमनी काही सरळ नळी नव्हे आणि तिच्यातला प्रवाहही एकसारखा नसतो, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण चूक कशी फुगत जाते ते यातून समजावे.

आमच्या चित्रातला लाल रंग या ओढीचाच होता. तेव्हा पुढचा प्रश्न: ओढ जास्त असेल तिथे फुगा फुटतो, हे कशावरून?

इथे गंमत आहे. २०११ साली अमेरिकेतल्या दोन गटांचे मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. हुआन सेब्राल यांच्या गटाने २१० फुग्यांची प्रतिमाने केली. फुटलेल्या फुग्यांत रक्ताची धार एकवटलेली आणि ओढीचा कमाल आकडा जास्त, असे त्यांना आढळले. हुई मेंग यांच्या गटाने ११९ फुगे घेतले. फुटलेल्या फुग्यांत ओढ कमी आणि तिची दिशा सारखी बदलणारी, असा त्यांचा निष्कर्ष. एक म्हणतो जास्त ओढ वाईट, दुसरा म्हणतो कमी ओढ वाईट. दोन्ही अभ्यास संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेले.

यातला काही विरोध वरवरचा आहे, आणि तो शिक्षकांना लगेच समजेल. वर्गाची सरासरी घसरलेली असते आणि त्याच वर्गात बोर्डात आलेला मुलगाही असतो. एका गटाने मुख्यतः कमाल आकडा पाहिला, दुसऱ्याने फुग्याभरची सरासरी मूळ धमनीशी ताडून पाहिली. मोजपट्टी निराळी, म्हणून उत्तर निराळे. मेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दोन्ही निष्कर्षांचा मेळ घालणारी उपपत्तीही मांडली. लहान, पातळ भिंतीच्या फुग्याला जास्त ओढ घातक ठरते. मोठ्या, जाड भिंतीच्या फुग्यात कमी ओढीमुळे दाह होतो आणि त्या वाटेने भिंत झिजते. जीवशास्त्राच्या अंगाने हे पटण्यासारखे आहे. पण आमच्या त्या पन्नाशीच्या बाईंना याचा उपयोग काय? ओढ जास्त निघाली तरी धोका, कमी निघाली तरी धोका, तर आकडा काढून निर्णय बदलणार कसा? कोणत्या फुग्यात कोणती वाट चालू आहे हे आधी कळले पाहिजे, आणि ते कळण्याची सोय प्रतिमानात नाही.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. या अभ्यासांत बहुतेक फुटलेले फुगे फुटल्यानंतर स्कॅन केलेले असतात. फुटताना फुग्याचा आकार बदलत असेल, तर प्रतिमान आपल्याला फुटण्याचे कारण दाखवते आहे की परिणाम? भिंत कोसळल्यावर ढिगाऱ्याचे माप घेऊन भिंत कशी होती हे सांगण्यासारखे ते झाले. न फुटलेले फुगे निवडून, वर्षानुवर्षे हात न लावता पाहत राहायचे आणि कोणते फुटतात ते नोंदवायचे, हा खरा मार्ग. पण धोकादायक वाटणाऱ्या फुग्यावर डॉक्टर उपचार करणारच. ते थांबून पाहत बसणार नाहीत, बसूही नये. म्हणजे निरीक्षणासाठी उरतात ते मुळात कमी धोक्याचे. ही अडचण कोणाच्या आळसाने आलेली नाही, पण तिच्यावर मात झाली आहे असा आव आणणे बरोबर नव्हे.

२०१२ साली मेयो क्लिनिकचे विकिरणतज्ज्ञ डेव्हिड कॅल्म्स यांनी अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजीच्या संपादकीयात हे दुखणे उघड बोलून दाखवले. संगणकीय द्रवगतिशास्त्राची इंग्रजी आद्याक्षरे सी.एफ.डी. त्यांनी त्या अक्षरांचा दुसराच विस्तार सुचवला: गोंधळ वाढवणाऱ्या घटकांचा फैलाव. दर काही महिन्यांनी एक नवी राशी शोधायची, ती फुटलेल्या फुग्यांत वेगळी आहे असे दाखवायचे, आणि डॉक्टरांनी त्यातून काय घ्यायचे ते सांगायचे नाही, असा त्यांचा रोख होता. सेब्राल आणि मेंग या दोघांनी मिळून त्याला उत्तर दिले, हे विशेष. निष्कर्षांत एकमेकांच्या विरुद्ध टोकांना असलेले दोघे इथे एकत्र आले. विषय तरुण आहे, डॉक्टर आणि अभियंते यांच्यातले अंतर कमी व्हायला वेळ लागेल, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते कॅल्म्स यांचा विनोद जरा बोचरा होता, पण आक्षेप खरा होता. त्या टोचणीने काही चांगले कामही झाले.

त्यातले सर्वांत चांगले काम एका वेगळ्याच वादातून निघाले. काही मोठ्या फुग्यांवर 'फ्लो डायव्हर्टर' नावाची दाट विणीची धातूची नळी धमनीत बसवतात. रक्त त्या नळीतून सरळ पुढे जाते, फुग्यात शिरणारी धार मंदावते आणि फुगा हळूहळू गोठून बंद होतो. (तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेने असे साधन देशात विकसित केले असून त्याचे तंत्रज्ञान २०२१ मध्ये पुण्याच्या एका कंपनीकडे दिले गेले.) पण नळी बसवल्यावर काही रुग्णांचे फुगे नंतर फुटले. का? सेब्राल यांच्या गटाने २०११ मध्ये सात रुग्णांची प्रतिमाने करून म्हटले की फुटलेल्या तीन फुग्यांत नळी बसवल्यावर आतला दाब वाढला असावा. हे विधान धसका घेण्यासारखे होते. एका प्रचलित उपचाराने फुग्यातला दाब वाढतो, असा त्याचा अर्थ होत होता. दुसऱ्या तज्ज्ञांनी लगेच आक्षेप घेतला.

वाद मिटवायचा कसा? टोरांटोचे डेव्हिड स्टाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खुले आव्हान दिले. आधीच्या धमनीत अरुंद जागा असलेला एक महाकाय फुगा निवडला. त्याचा आकार, आत शिरणारा प्रवाह, रक्ताचे गुणधर्म हे सगळे एकच ठरवून जगातल्या गटांना पाठवले आणि सांगितले: आपापल्या पद्धतीने उत्तर काढून पाठवा. पंचवीस गटांनी उत्तरे पाठवली. दुसऱ्या टप्प्यात त्या फुग्याची खरोखरीची, त्याच मापाची प्रतिकृती तयार करून तिच्यातला दाब आणि प्रवाह मोजला, आणि गटांनी पुन्हा गणिते केली.

निकाल २०१३ मध्ये छापून आला. दाबाच्या बाबतीत बहुतेक गटांची उत्तरे एकमेकांपासून ८ टक्क्यांच्या आत होती. गणिते मोजमापाशीही जुळली, पाऱ्याच्या काही मिलिमीटरांच्या फरकाने. पण एक अट होती. प्रतिकृतीचा आकार संगणकात उतरवताना झालेल्या मिलिमीटरपेक्षाही लहान चुका आधी दुरुस्त कराव्या लागल्या. प्वाझेय यांचा चौथा घात इथे पुन्हा भेटतो. फुग्याच्या आतला प्रवाह कसा फिरतो, याबाबत मात्र गटागटांत फरक पडला. हृदयाच्या ठोक्याच्या शिखरावर प्रवाहात थरथर उठते, हे मोजक्या गटांनाच दिसले, कारण त्यांनी काळाचे तुकडे फार बारीक केले होते. बाकीच्यांच्या गणितात ती थरथर पुसली गेली होती. आकार एक, प्रवाह एक, समीकरणे एक, आणि तरी फुग्याच्या आतली चित्रे वेगळी. हा प्रयोग आम्हाला या विषयातला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्याने कोणाला जिंकवले नाही. कोणत्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते सांगितले.

तरीही एक गोष्ट यात आलीच नाही: भिंत. दोरी तुटेल की नाही हे ठरवायला तिच्यावर लटकवलेले वजन कळून भागत नाही, दोरी किती मजबूत आहे तेही कळावे लागते. प्रतिमान वजन सांगते. फुग्याची भिंत मिलिमीटरच्या अंशाइतकी पातळ असते, ठिपक्यापेक्षा बारीक, म्हणून नेहमीच्या स्कॅनमध्ये तिची जाडी दिसतच नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याला ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. भिंत जिथे जाड तिथे फुगा पिवळट-पांढरा दिसतो, आणि जिथे फार पातळ तिथे आतले रक्त झिरपून दिसावे तसा लालसर. हा लाल रंग खरा. आमच्या पडद्यावरचा लाल आणि हा लाल एकाच जागी पडतो की नाही, यावरही संशोधन झाले आहे, आणि उत्तर अजून सरळ नाही.

मग असली प्रतिमाने निरुपयोगी म्हणायची का? तसे नाही. जिथे प्रश्न नीट विचारला गेला तिथे ती खरोखर उपयोगी पडली.

काही मुले हृदयाचा एकच कप्पा कामाचा घेऊन जन्मतात. त्यांच्यासाठी फ्रान्समधील फोन्तां यांनी १९७१ साली एक धाडसी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिच्यातून पुढे आलेल्या पद्धतीत शरीरातून परत येणाऱ्या महाशिरा थेट फुप्फुसाच्या धमनीला जोडतात. मधे पंप नाही. त्यामुळे वळणावर, सांध्यावर वाया जाणारी थोडीशी ऊर्जाही या मुलांना परवडत नाही. लंडनचे शल्यविशारद मार्क द लव्हाल यांनी १९८८ मध्ये नळ्यांचे प्रयोग करून दाखवले की आधीच्या रचनेत ऊर्जा फुकट जाते. मग १९९६ मध्ये मिलानच्या तांत्रिक विद्यापीठातील अभियंत्यांबरोबर त्यांनी संगणकावर वेगवेगळ्या जोडण्या तपासल्या: खालची महाशीर नेमकी कुठे आणि कशी जोडली तर व्यय कमी होईल आणि दोन्ही फुप्फुसांना रक्त नीट वाटले जाईल?

या प्रश्नाचा घाट पाहा. 'हे मूल जगेल का?' असे विचारलेले नाही. 'या दोन जोडण्यांपैकी बरी कोणती?' असे विचारले आहे. दोन्ही गणितांत गृहीतके तीच. आकडे चुकले तरी साधारण एकाच बाजूला चुकतील आणि तुलना बरीचशी टिकेल. शिवाय निर्णय शल्यविशारदाच्या हातातला आहे. शीर चार मिलिमीटर इकडे की तिकडे जोडायची ते तो ठरवू शकतो. पुढे याच मुलांत आणखी एक प्रश्न आला. ज्या फुप्फुसाला यकृताकडून येणारे रक्त पोचत नाही, त्यात धमन्या आणि शिरा यांच्यात भलतेच आडमार्ग तयार होतात आणि मूल निळे पडू लागते. यकृताचे रक्त दोन्हीकडे पोचावे म्हणून नळी कशी वळवावी, हे शस्त्रक्रियेपूर्वी संगणकावर पाहण्याचे काम अमेरिकेत अटलांटाला आणि कॅलिफोर्नियात झाले. इथेही सगळे अंदाज खरे ठरले असे नाही, पण नंतर तपासणी करून अंदाज ताडता येतो.

ताडता येणे म्हणजे काय, याचा नमुना हृदयाच्या धमन्यांच्या बाबतीत मिळतो. धमनीतल्या अडथळ्याच्या पुढचा आणि मागचा दाब बारीक तारेने मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात, ते ०.८० किंवा कमी असेल तर अडथळा महत्त्वाचा मानतात. हेच गुणोत्तर नुसत्या सी.टी. स्कॅनवरून गणिताने काढायची पद्धत स्टॅनफर्डचे चार्ल्स टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. २०१२ च्या चाचणीत २५२ रुग्ण होते. आधीच जाहीर केले होते की अचूकतेच्या अंदाजाची खालची मर्यादा ७० टक्क्यांच्या वर आली तरच यश म्हणायचे. अचूकता ७३ टक्के निघाली, पण खालची मर्यादा ६७ वर थांबली. चाचणी आपल्याच कसोटीला उतरली नाही, आणि तसे छापले गेले. मग सुधारलेल्या पद्धतीची पुढची चाचणी २०१४ मध्ये झाली, निकाल बराच सुधारला आणि त्याच वर्षी अमेरिकेत पद्धतीला मान्यता मिळाली. गणिताची आज्ञावली टेलर यांनी सहस्थापिलेल्या कंपनीच्या मालकीची आहे, ती बाहेरच्याला उघडून तपासता येत नाही; हे आम्हाला खटकते. पण 'लाल रंग मोजला कोणी?' असे तिथे विचारले तर उत्तर आहे: त्याच रुग्णात, तारेने, आणि इतक्या वेळा चुकला.

मेंदूतल्या फुग्यांच्या प्रतिमानांना असे उत्तर अजून देता आलेले नाही. त्या बाईंना आज आम्ही एवढेच सांगू शकतो की चित्रातला दाब बऱ्यापैकी विश्वासार्ह, ओढ त्याहून कमी, आणि 'धोका' हा शब्द आमचा होता, संगणकाचा नव्हता.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवून थांबतो. वैज्ञानिक उपकरणांच्या दुकानात १, २ आणि ४ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या प्लॅस्टिकच्या नळ्या मिळतात. प्रत्येकीचा एक मीटर तुकडा घ्या. वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात पाणी सोडा, नळीची दोन्ही टोके पाण्यात बुडलेली आणि दोन पातळ्यांतला फरक २० सेंटिमीटर ठेवा. ठरावीक वेळात वरच्या भांड्यातून गेलेले पाणी मोजा. व्यास दुप्पट झाला की प्रवाह १६ पट व्हायला हवा. १ आणि २ मिलिमीटरच्या जोडीत उत्तर सोळाच्या जवळ येईल. २ आणि ४ च्या जोडीत ते सोळाच्या बरेच खाली येईल, कारण रुंद नळीत पाणी इतक्या वेगाने धावते की प्वाझेय यांच्या नियमाच्या अटी सुटू लागतात. नियम कुठपर्यंत चालतो हे मुलांना त्यांच्याच आकड्यांतून सापडू द्या, आधी सांगू नका.

पहिल्या जोडीतही उत्तर बिघडले, तर नळीवर छापलेल्या मापावर विश्वास ठेवू नका. नळी रिकामी तोला, पाण्याने भरून तोला. एक मीटर लांबीच्या १ मिलिमीटरच्या नळीत ०.७८५ ग्रॅम पाणी मावते, २ मिलिमीटरच्या नळीत ३.१४ ग्रॅम. वजन कमी-जास्त भरले तर खरा व्यास त्यावरून काढा आणि गणित पुन्हा करा. साधा तराजू १ मिलिमीटरच्या नळीला पुरणार नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला मागून आणावा लागेल.